वादळ ऊर्फ वायल्या

मारेगावात कुत्रा पाळायला कुणाची परवानगी लागत नाही. पण बारीक कुत्रा पाळायचा असेल तर अख्ख्या गावाला जबाब द्यावा लागतो.

आमचा वादळ दोन महिन्यांचा असताना घरी आला, तेव्हा चारचौघांच्या पिल्लांसारखाच गोल पोटाचा होता. त्या दिवसांत कुणी काही बोललं नाही. मग तो वाढायला लागला, आणि वाढला तो फक्त वरच्या दिशेनं. वर्षाचा झाला तेव्हा खांद्यापाशी उंची ७० सेंटीमीटर आणि वजन २४ किलो. म्हणजे उभा राहिला तर जेवणाच्या टेबलावरची भाजी न वाकता हुंगणार, आणि वजन सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून कमी. समोरून छाती पाहिली तर आखाड्यातला पहिलवान. तिथून नजर मागे नेली की पोट वर, वर, वर चढत जाऊन कमरेपाशी जवळजवळ संपतंच. मध्ये बरगड्या. त्या मोजायला क्ष-किरणाची गरज नाही, ओसरीवर बसून मोजता येतात.

आणि शेजारच्या काकूंनी त्या ओसरीवर बसूनच मोजल्या.

"काहून जी गुरुजी, याले खाऊ घालत नाही का काही?"

मी हसून सांगितलं, काकू, ही जातच अशी असते. त्यावर काकूंनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी चाळीस वर्षं गृहपाठ न आणणाऱ्या पोरांकडे पाहत आलो. कारणं सांगू नको, असा त्या नजरेचा अर्थ असतो.

नाव वादळ ठेवलं ते माझ्या मुलीनं. हौसेनं ठेवलं, पण आपण कुठल्या मुलखात राहतो याचा विचार केला नाही. आमच्या वऱ्हाडी बोलीत ळ टिकत नाही. डोळ्यांचे डोये होतात, केळ्यांची केयी होतात, आणि वाळलेला माणूस असतो तो वायला. वादळचं आधी वादय झालं. तिथून आठच दिवसांत, त्याच्या बरगड्यांकडे पाहत पाहत, गल्लीनं त्याचं वायल्या करून टाकलं. आता बाजारात कुणी "वायल्याचे बाबा" म्हणून हाक मारली की मीही वळून बघतो.

जबाब द्यायचा तो रोज आणि प्रत्येकाला वेगळा. दूधवाल्याचं निदान जंत. इस्त्रीवाल्याचं निदान नजर लागली. बसस्टँडवरच्या पानटपरीवाल्यानं पिंजऱ्यासारखं अंग पाहून सरळ टीबी काढला. एकानं फार सौजन्यानं विचारलं की याचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत घालायचं आहे का, ओळख आहे. परगावच्या एका माणसानं तर खिशातून बिस्किटाचा पुडा काढून सगळा त्याच्यापुढे ओतला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. त्याच्या पाठीवर मला लिहिलेलं दिसलं: पेन्शन खातो लेकाचा, कुत्र्याला घालत नाही.

आता हा प्राणी आमच्याकडे आला कसा ते सांगतो, कारण दोष माझ्या धाकट्या भावाचा आहे.

धाकटा शेती बघतो. आमच्या तालुक्यात शेती म्हणजे कपाशी, तूर, सोयाबीन, थोडा हरभरा, आणि हे सगळं रात्री खायला येणारी रानडुकरं व रोही. डुकरांना हरभऱ्याचं वेड, रोह्यांना सगळ्याचंच. तेव्हा सगळा शिवार रात्री जागली करतो. कुणी बांधावर घरातल्या जुन्या साड्या लावतं, त्यामुळे काही शेतं लांबून लग्नमांडवासारखी दिसतात. कुणी रिकाम्या बाटल्या तारेला टांगतं, कुणी सोलरचं झटका मशीन बसवतं, कुणी भोंग्यावर कुत्र्यांच्या भुंकण्याची टेप लावतं. डुकरं पहिले चार दिवस घाबरतात. पाचव्या दिवशी त्या संगीतावर जेवतात.

भाचा लातूरला नोकरीला. त्यानं फोनवर सांगितलं की इकडे चाकूर तालुक्यात जानवळ म्हणून गाव आहे, तिथले कारवानी कुत्रे नामांकित आहेत, सशाला उभ्या माळावर पकडतात, आणि वाऱ्यासारखे पळतात. धाकट्यानं यातलं फक्त "पकडतात" ऐकलं. पुढच्या आठवड्यात तो गेला आणि लातूर, नांदेड, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, करंजी असा लांबलचक प्रवास करून मांडीवर पिल्लू घेऊन आला. वाटेत पिल्लू दोनदा ओकलं आणि एकदा त्यानं कंडक्टरचं पंचिंग मशीन चाटलं, एवढीच त्या प्रवासाची नोंद आहे.

घराण्याबद्दल मात्र कुणी बोट दाखवू नये. काकूंनी एकदा "कोठून आनलं हे?" विचारलं तेव्हा मी त्यांना सगळा इतिहास ऐकवला होता. या जातीचे पूर्वज मध्य आशियातून आणि अरबस्तानाकडून येणाऱ्या काफिल्यांबरोबर दख्खनमध्ये आले असं मानतात. कारवाँबरोबर आलेला म्हणून कारवानी. कानांवर, शेपटीवर रेशमी केस असले तर तोच पश्मी. इराणचा सलुकी, इंग्रजांचा ग्रेहाउंड हे सगळे दूरचे चुलते. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली. तेव्हापासून साहेबाच्या लेखी तो मुधोळ हाउंड. आजही श्वानप्रेमींच्या दोन संघटना एकाच कुत्र्याला दोन नावं देतात, एकीच्या वहीत कॅरव्हान हाउंड आणि दुसरीच्या वहीत मुधोळ हाउंड. दोन संघटना असल्या की असं व्हायचंच, त्यात कुत्र्याचा दोष नाही. टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. लष्करानं मेरठला नेऊन त्याची चाचणी घेतली. ऑगस्ट २०२० च्या "मन की बात"मध्ये खुद्द पंतप्रधानांनी त्याचं नाव घेतलं.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या घरचं लेकरू अन् तुमच्याकडे येऊन असं झालं!"

इतिहासाचा एक मासला मी त्यांना सांगितला नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. हे मी बोललो असतो तर काकूंनी लगेच विचारलं असतं की जहागिरी मिळालेला कुत्रा कसा होता, जाड का बारीक.

पिल्लाचा मोठा कुत्रा झाला आणि धाकटा त्याला घेऊन जागलीला गेला. नोव्हेंबर संपत आलेला, तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली, फुलोरा, शेंगा. मध्यरात्री वीस पावलांवर डुकरांचा कळप शिरला. घुरघुर, मोडतोड, सगळं कानावर येत होतं. धाकट्यानं आवाज न करता वादळच्या पट्ट्याचा हूक काढला आणि कानात म्हणाला, "जाय." वादळ उठला. आळस दिला. चारी दिशांना पाहिलं. मग पोत्यावर तीन वेळा गोल फिरून, जागा बसवून, परत झोपला. डुकरं शेवटी आमच्या गड्याच्या मोत्यानं हाकलली. मोती म्हणजे बुटका, पिवळा, एका कानाचा गावठी कुत्रा, ज्याचं तिकीट कुणी काढलेलं नाही.

धाकटा रात्रभर फसवणूक झाल्याच्या दुःखात होता. पण चूक कुत्र्याची नव्हती. कुत्र्यांत दोन पंथ आहेत, नाकाचे आणि डोळ्यांचे. मोती नाकाचा. वादळ नजरेचा. त्याच्या त्या लांबट, निमुळत्या डोक्यावर डोळे जरा बाजूला बसवलेले असतात, त्यामुळे त्याला माणसापेक्षा कितीतरी रुंद मुलूख एकदम दिसतो, जवळजवळ २७० अंशांचा. खूप लांब काही हललं तरी त्याची मान ताठ होते. पण त्यासाठी समोर मोकळा माळ लागतो. हा कुत्रा घडला तो दख्खनच्या उघड्याबोडक्या पठारावर, जिथं ससा निघाला की क्षितिजापर्यंत दिसतो. त्याला आणून आम्ही उभा केला तुरीच्या तासात. समोर पान, मागे पान, वर चांदणी. डुक्कर दिसतच नाही तर तो धावणार कुणामागं? दुर्बीण विहिरीत सोडायची आणि वर म्हणायचं, काही दिसत नाही लेकाचं.

बरं, दिसलं असतं तरी उपयोग नव्हता. वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसानं चहा पिता पिता धाकट्याला समजावलं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. पाठलाग करणं, हाकारणं, पकडायला जाणं, सगळं त्यात येतं. मी नंतर कायद्याचा मजकूर पाहिला. त्यात "कोर्सिंग" असा शब्दच आहे, आणि कोर्सिंग म्हणजे नजरेच्या कुत्र्यांकडून जनावराचा पाठलाग करवणं. म्हणजे संसदेनं वादळच्या खानदानी धंद्याचं नाव घेऊन तो बंद केलेला आहे. शेकडो वर्षांचा व्यवसाय गेला, आणि कुठलंही पुनर्वसन पॅकेज नाही. शिवाय तिकडे टिपेश्वरच्या अभयारण्यातून आणि इकडून तिकडून फिरणारे वाघ अधूनमधून मारेगाव, वणी, झरीच्या शिवारात हजेरी लावतात. रात्री शेतात झोपलेला २४ किलोचा कुत्रा त्यांच्या लेखी न्याहारी. तेव्हा धाकट्यानं वादळला माझ्याकडे पोचवलं. म्हणाला, "दादा, तुम्ही रिटायर, हाही रिटायर. जमते तुमचं."

जमलं. इतकं जमलं की आमच्या दोघांच्या दिनक्रमात फरक सांगणं बायकोला अवघड जातं. या जातीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असा की एवढा धावणारा कुत्रा दिवसभर घरात धिंगाणा घालत असेल. तसं काही नाही. सकाळ-संध्याकाळ फिरणं, मोकळ्या जागेत पाच-सात मिनिटं सुसाट पळणं, आणि उरलेला दिवस झोप. भुंकणंही कमी. अनोळखी माणूस आला की इतर कुत्रे धावून जातात, हा उठून आतल्या खोलीत जातो, एखाद्या जुन्या जहागीरदारानं वसुलीवाल्याला टाळावं तसा. तेव्हा राखणीसाठी म्हणून कुणी हा आणू नये. चोर आला तर वादळ त्याला जागा करून देईल, फक्त पलंगावरची सोडून.

पलंगाचाही मुद्दा आहे. हाडांवर चरबीचा थर नाही, कातडं पातळ, त्यामुळे फरशीवर झोपला की कोपरांना घट्टे पडतात. गादी लागतेच. हे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माय तिथंच होती. नव्वदीला टेकलेली माझी माय घरी येऊन एवढंच म्हणाली, "मी लग्नापासून चटईवर झोपली. माह्या कोपराले कोनी पाह्यलं नाही." दुसऱ्या दिवशी तिनंच लुगड्याची दुपदरी वाकळ शिवून दिली. आता थंडीत दोघं एकाच वाकळीत असतात आणि सकाळी एकमेकांची तक्रार करतात.

थंडी हा त्याचा वैरी. यवतमाळ जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी खाली येतो. हिमालयातला झुबकेदार कुत्रा त्याला वसंत ऋतू म्हणेल. आमचा मात्र थरथर कापतो. मुलीचा आठवीतला शाळेचा निळा स्वेटर त्याला बरोबर बसला, फक्त बाह्या तोकड्या. स्वेटर घालून पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा गल्ली क्षणभर गप्प झाली. मग काकू म्हणाल्या, "अंगावर मास असतं तर सुटर लागलं असतं का?" शास्त्रीय दृष्ट्या हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, आणि मला त्याला उत्तर सुचलं नाही.

उन्हाळ्याची तऱ्हा दुसरी. मे महिन्यात पारा ४५ ला जातो तेव्हा विदर्भात घरातला खरा कर्ता म्हणजे कूलर. त्याच्यासमोरची जागा वयाप्रमाणे आणि मानाप्रमाणे वाटलेली असते. वादळ येईपर्यंत ती माझी होती. आता तो सकाळी अकराला येऊन लांब पसरतो, आणि त्याच्या पसरण्याला अंत नाही. नाक कूलरच्या जाळीला, शेपूट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला. मी त्याच्या पलीकडे बसतो, जिथं त्याला लागून आलेला वारा मला मिळतो. फिरवायचं ते पहाटे पाचला नाहीतर रात्री नऊनंतर, मधल्या वेळी डांबर पायाला पोळतं. पाण्याचं टोपलं दिवसातून चारदा भरायचं. ही सगळी सेवा मी करतो आणि तो ती करून घेतो.

पट्ट्याचा किस्सा राहिला. कुत्र्याचा पट्टा गळ्यात अडकतो तो डोकं गळ्यापेक्षा मोठं असतं म्हणून. हे साधं भूमितीचं तत्त्व या जातीला लागू नाही. लांब मान आणि त्याच मापाचं किंवा त्याहून बारीक डोकं. साधा पट्टा बांधला की त्यानं मान खाली घालायची, दोन पावलं मागं यायचं, आणि आपल्या हातात साखळी व रिकामा पट्टा. यांच्यासाठी रुंद, ओढला की थोडा आवळणारा पट्टा वेगळा मिळतो. हे ज्ञान मला आठवडी बाजारात झालं. भाजीच्या पालांमधून आम्ही शांतपणे चाललो होतो. वाऱ्यानं एक पांढरी पॉलिथिनची पिशवी उडाली. फक्त उडाली, बाकी तिनं काही केलं नाही. वादळची मान ताठ झाली, दोन पावलं मागं, पट्टा माझ्या हातात, आणि समोर कांद्याच्या ढिगावरून, वांग्याच्या ढिगावरून, एका बाईच्या मांडीवरल्या तराजूवरून एक बदामी रेघ. पुढे पिशवी, मागे रेघ, त्यामागे मी, आणि माझ्यामागे कांदेवाला.

अशा वेळी हाका मारायच्या नसतात. मारल्या तरी फरक पडत नाही. नजरेचा कुत्रा एकदा नजरेमागं निघाला की कान बंद. त्या क्षणी त्याला मालक नाही, नाव नाही, गाव नाही. म्हणून मोकळं सोडायचं ते कुंपणाच्या आतच, आणि कुंपणही पाच-सहा फुटांचं, कारण कमी असलं तर तो नुसता उभ्या उभ्या ओलांडतो. मांजर, कोंबडी, शेळीचं करडू, यांच्याबाबत त्याच्यावर विश्वास ठेवू नये, आणि मांजराला तसं आधीच कळवावं. मला हे सगळं त्या दिवशी माहीत नव्हतं. मी "वादळ! वादळ!" ओरडत वणीच्या रस्त्यापर्यंत गेलो, तर लोक आभाळाकडे बघायला लागले आणि एका बाईनं वाळवणं आत घेतली.

दोन तासांनी एक मोटारसायकलवाला त्याला घेऊन आला. मागच्या माणसाच्या मांडीवर चारी पाय लोंबकळत बसला होता, तोंडात पिशवी. "तुमचा का? घ्या. आम्ही दोन पाव खाऊ घातले, लय उपाशी होता." आभार मानताना मी मान खाली घातली. मला वाटतं, तेव्हा माझंही डोकं पट्ट्यातून निघालं असतं.

त्या धावपळीत काटेरी तारेनं त्याच्या मांडीवरची कातडी फाटली होती. पातळ कातडं, कागदासारखं फाटतं. टाके घालायचे तर भूल द्यायची, आणि तिथं डॉक्टर थांबले. म्हणाले, ग्रेहाउंडच्या गोतातल्या कुत्र्यांना थायोपेंटलसारखी जुन्या पठडीतली भूल चालत नाही. अंगात चरबी नाही आणि यकृत ते औषध फार सावकाश निपटतं, म्हणून कुत्रा नको तितका वेळ गुंगीत राहतो. दुसऱ्या औषधानं, वजन करून, जपून केलं. मी हे मुद्दाम लिहितो, कारण असा कुत्रा कुणाकडे असेल तर त्यानं दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोलावं. आमच्याकडे पहिलं वाक्य दवाखान्याच्या शिपायाचं होतं. "किती दिवसापासून जेवत नाही?"

आता खाण्याचं. जखम भरेपर्यंत वादळ ओसरीवर बांधलेला असायचा, आणि ओसरी रस्त्यावर. आजारी आणि वरून वायला! गल्लीला पाझर फुटला. तेव्हा ऑगस्ट उजाडला होता, म्हणजे पुढे पोळा, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी अशी रांग. पोळ्याला बैलासाठी केलेल्या पुरणपोळीतली एक त्याला. महालक्ष्म्यांच्या जेवणातली आंबील त्याला. रोडग्यांच्या पंगतीतून तुपात बुडवलेला रोडगा त्याला, सोबत वांग्याची भाजी, जिच्यातला कांदा कुत्र्याला विषासारखा, हे कुणाला ठाऊक? लग्नाची बुंदी, बारशाच्या घुगऱ्या, हॉटेलातला काल उरलेला समोसा. काकू पहाटे दूध-भाकरी टाकायच्या, आणि सात वाजता माय टाकायची, आणि आठला मी, रीतसर मोजून. मला वाटायचं की माझ्या मोजण्यात चूक होते आहे, कारण मोजमाप तेवढंच आणि कुत्रा मात्र आडवा वाढतो आहे.

दिवाळीला वजन भरलं ३१ किलो. बरगड्या गेल्या. कंबर गेली. चेहऱ्यावर एक समाधान आलं, जे सरपंचांच्या चेहऱ्यावर दुसऱ्यांदा निवडून आल्यावर येतं. आणि गाव खूश! इस्त्रीवाला म्हणाला, आता कुत्रा दिसते. टपरीवाल्यानं टीबी मागं घेतला. काकू लोकांना बोलावून दाखवायच्या, जणू दत्तक लेकरू बाळसं धरून उभं आहे. वायल्या हे नावसुद्धा मागं पडून महिनाभर त्याला शेठ म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी ताठ मानेनं बाजारात गेलो.

डॉक्टरांनी मात्र शेठला पाहिलं आणि चष्मा काढून मला विचारलं, "कुत्रा आणला का गोऱ्हा?" मग त्यांनी एक साधी परीक्षा शिकवली. मूठ वळायची. बोटांच्या उंच गाठींवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं तर जसं लागतं तशा बरगड्या लागल्या तर कुत्रा उपाशी. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर जास्त जाड. हात उघडून तळहाताच्या मागच्या बाजूची हाडं जशी लागतात, तेवढं बरोबर. आणि या जातीत शेवटच्या दोन-तीन बरगड्या नुसत्या नजरेला दिसणं हे निरोगीपणाचं लक्षण. वजन वाढलं तर त्या काडीसारख्या पायांवर आणि सांध्यांवर येणार. खोल छातीच्या कुत्र्याला आणखी एक धोका असतो, पोटाला पीळ पडण्याचा. भरपेट खाऊन लगेच धावला तर जठर फुगून फिरू शकतं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत वाटून, खाण्याआधी आणि नंतर तासभर स्वस्थ. ज्वारीची भाकरी, ताक, उकडलेलं अंडं, बिनहाडाचं चिकन. शिजवलेलं हाड नाही, कांदा नाही, मनुका नाहीत, बुंदी तर नाहीच नाही. पावसाळ्यात गोचीड रोज काढायचे, नाहीतर ताप धरतो. रेबीजची लस दरवर्षी.

मी घरी आलो आणि पाटी रंगवली. माजी शिक्षक असल्यानं अक्षर ठळक आणि शुद्धलेखन निर्दोष. "कृपया कुत्र्यास काहीही खाऊ घालू नये." ओसरीच्या खांबाला लावली.

माझ्या साठ-पासष्ट वर्षांच्या सार्वजनिक जीवनात माझ्या हातून इतकी बदनामी करणारं लिखाण दुसरं झालेलं नाही. गावानं पाटी वाचली आणि गावाला सगळं उमगलं. इतके दिवस वाटत होतं, गुरुजी नुसते घालत नाहीत. आता लेखी पुरावा मिळाला की दुसऱ्यालाही घालू देत नाहीत! काकू आठ दिवस बोलल्या नाहीत. मायनं पाटी वाचायला लावली, ऐकली, आणि "माह्यावर नाव टाकलं नाही तं मी घालीन," म्हणाली. कुणीतरी रात्री खडूनं "खाऊ घालू नये"च्या खाली "मारू तरी नये" असं लिहिलं. अक्षर माझ्याच एका विद्यार्थ्याचं होतं, वेलांटी चुकण्याच्या पद्धतीवरून मी ओळखलं.

फेब्रुवारीत तो परत २४ वर आला. बरगड्या परत, नाव परत.

मार्चच्या सुरुवातीला धाकट्याचा हरभरा सोंगणीला आला. काकूही सोंगायला होत्या, आणि अबोला संपला नव्हता. तूर कधीच निघालेली, पऱ्हाटी उपटलेली, हरभऱ्याचे ढीग एका कडेला. नजर जाईल तिथपर्यंत मोकळं रान, भोवती झटका मशीनची तार बंद करून जाळीचं नवं कुंपण. मी दुपार टळल्यावर वादळला नेलं आणि कुंपणाच्या आत सोडलं.

तो दहा पावलं नेहमीसारखा गेला, वयस्कर माणूस लोटा घेऊन जावा तसा. मग वाऱ्यानं धुऱ्यावरचं एक वाळलेलं पान उडवलं. मान ताठ झाली.

अंग जमिनीला लागलं, पाठीची कमान झाली, मग ती कमान सुटली. हे कुत्रे दर ढांगेला दोनदा हवेत असतात, एकदा चारी पाय पोटाखाली गोळा करून आणि एकदा चारी पसरून, म्हणजे जमिनीचा आणि त्यांचा संबंध नावापुरता. ग्रेहाउंड ताशी ७० किलोमीटरच्या आसपास जातो म्हणतात. आमचा तितका नसेल. पण वणीच्या बसला करंजीपर्यंत मागं टाकेल यात मला शंका नाही. रानाच्या पार टोकाला गेला, धूळ उडवत वळला, परत आला, आमच्याजवळून गेला तेव्हा नुसता श्वास ऐकू आला, आणि परत टोकाला. सोंगणाऱ्या बायांचे विळे थांबले. धाकटा तोंड उघडं ठेवून उभा होता. पान केव्हाच कुठंतरी पडलं होतं, तो आता कशामागं धावत होता ते त्यालाच ठाऊक.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पदरानं घाम पुसायचं त्यांना सुचलं नाही. मी मनात म्हटलं, आता कळलं. दीड वर्षानं का होईना, आता त्या बरगड्यांचा हिशेब यांना लागला. मी त्यांच्या जवळ जाऊन उभा राहिलो, काही न बोलता.

काकूंनी त्याला आणखी एक फेरी पुरी करू दिली. मग अबोला सोडून माझ्याकडे वळल्या.

"मायबाई! असं धावते, म्हणून वायलं हे. बांधून ठेवा ना जी त्याले!"